हिशेबात कोणाला धरायचे?

एखादी कृती चांगली की वाईट, हे कशावरून ठरवायचे? आपल्या देशात शेकडो वर्षे याचे उत्तर ठरलेले होते. पोथीत लिहिले असेल ते चांगले, पोथीने नाकारले असेल ते वाईट. त्या कृतीमुळे जित्याजागत्या माणसाचे काय होते, हे विचारायची सोयच नव्हती. पाणवठा बंद केल्यावर तहानलेल्याचे काय होते, हा प्रश्न शास्त्राच्या चौकटीत कुठेच बसत नव्हता. तथागतांनी कालामांना मात्र हाच प्रश्न विचारायला शिकवले. एखाद्या गोष्टीतून दुःख आणि अहित निपजत असेल, तर ती परंपरेने आली म्हणून स्वीकारू नका, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

युरोपात हाच प्रश्न घेऊन एक विचारधारा उभी राहिली. तिला आपण उपयुक्ततावाद म्हणतो. इंग्लंडच्या जेरेमी बेंथॅमने 1789 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करून तिची मांडणी केली. कायदा असो वा रूढी, तिच्या परिणामांवरून तिची किंमत करा आणि जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख पाहा, असा त्याचा आग्रह होता. या हिशेबात राजा आणि मजूर दोघांनाही एकच आकडा. जन्माने मोठेपण मिरवणाऱ्यांना हा विचार झोंबला यात नवल नाही. आज आम्ही लिहिणार आहोत ते या विचारधारेच्या सर्वांत मोठ्या वारसदाराविषयी, जॉन स्टुअर्ट मिलविषयी. कारण या विचाराचे बळ आणि त्यातला धोका, दोन्ही त्याच्या एकाच आयुष्यात दिसतात.

मिलचा जन्म 20 मे 1806 रोजी लंडनमध्ये झाला. वडील जेम्स मिल हे बेंथॅमचे निकटचे सहकारी. मुलाला त्यांनी शाळेत घातलेच नाही, घरीच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. खेळायला सवंगडी नाहीत, सुट्टी नाही. बेंथॅमचा विचार पुढे नेणारा माणूस घडवायचा, असा वडिलांचा बेतच होता. मुलगा तसा घडलाही. पण 1826 साली, विशीत, तो मनाने कोसळला. जगातल्या सगळ्या सुधारणा आत्ताच झाल्या तर मी सुखी होईन का, असे त्याने स्वतःला विचारले आणि आतून उत्तर नकारार्थी आले. कवितेच्या वाचनाने तो हळूहळू सावरला. त्यातून त्याला उमगले की, सुख म्हणजे धान्यासारखी मापाने मोजायची वस्तू नव्हे. सुखासुखात प्रत असते. पोटभर खाऊन गुलामीत राहणे आणि स्वाभिमानाने जगणे यांची बरोबरी होत नाही. 1861 साली त्याने उपयुक्ततावादावर जे लेखन केले आणि जे 1863 मध्ये पुस्तकरूपाने आले, त्यात ही दुरुस्ती आहे. शेवटचे प्रकरण तर त्याने न्यायालाच दिले आहे.

ही दुरुस्ती लहान नव्हती. जास्तीत जास्त लोकांचे सुख एवढेच सूत्र धरले, तर उरलेल्या थोड्या लोकांचे काय? गावाच्या सुखासाठी वेशीबाहेरची वस्ती चिरडली, तर हिशेब जुळला असे म्हणायचे काय? 1859 साली प्रसिद्ध झालेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात मिलने स्पष्ट मांडले की, राजाइतकाच समाजही जुलमी होऊ शकतो आणि बहुमताला माणसाच्या गळ्यावर पाय ठेवण्याचा अधिकार नाही. हा ग्रंथ घडवण्यात हॅरिएट टेलरचा मोठा वाटा होता, असे तो सांगत असे. 1851 साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा नवऱ्याला पत्नीवर मिळणारे कायदेशीर हक्क आपल्याला मान्य नाहीत, असे त्याने लेखी नोंदवून ठेवले. 1858 साली हॅरिएटचा मृत्यू झाला.

1865 साली मिल पार्लमेंटमध्ये निवडून गेला. स्त्रियांच्या मताधिकारासाठीचा अर्ज त्याने 1866 मध्ये सभागृहापुढे ठेवला. 20 मे 1867 रोजी सुधारणा विधेयकातील पुरुष हा शब्द काढून व्यक्ती हा शब्द घालावा, अशी दुरुस्ती त्याने मांडली. बाजूने 73 मते पडली, विरोधात 196. दुरुस्ती पडली. ब्रिटनमधल्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळायला 1928 साल उजाडावे लागले.

त्याच काळात जमैकाचा प्रश्न पेटला होता. ऑक्टोबर 1865 मध्ये तिथल्या मोरंट बे येथे गरीब कृष्णवर्णीयांनी उठाव केला. गव्हर्नर आयरने लष्करी कायदा पुकारला. चारशेहून अधिक माणसे मारली गेली, शेकडोंना फटके मारले गेले, घरे जाळली गेली. इंग्लंडमधले नामवंत लेखक आयरच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद नीट पाहा. आयरने कठोरपणा दाखवला म्हणून बेट वाचले, परिणाम चांगला झाला, असे ते सांगत होते. म्हणजे परिणामांचीच भाषा, पण मेलेले चारशे हिशेबातून वगळून! मिलने जमैका समितीचे अध्यक्षपद घेतले आणि आयरवर खुनाचा खटला चालावा म्हणून झगडला. खटला उभा राहिला नाही. मिलला धमक्यांची पत्रे आली. 1868 च्या निवडणुकीत तो हरला. मे 1873 मध्ये फ्रान्समधील ॲव्हिन्यॉन येथे त्याचा मृत्यू झाला.

इथेच थांबलो तर आमचे लिखाण पोवाडा होईल. मिलच्या आयुष्याची दुसरी बाजू थेट आपल्याशी संबंधित आहे. 1823 ते 1858 अशी पस्तीस वर्षे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला होता. हिंदुस्थानला जाणारे खलिते तो लिहून द्यायचा. चढत चढत आपल्या खात्याचा प्रमुख झाला. पण या देशात त्याने कधी पाऊल ठेवले नाही. मागासलेल्या लोकांवर हुकूमशाही चालेल, मात्र तिचा परिणाम त्यांची सुधारणा हा असला पाहिजे, असे त्याचे मत होते. परिणाम चांगला की वाईट हे ठरवणार कोण? राज्य करणाराच! ज्याच्यावर राज्य चालते, त्याला विचारायचे नाही. व्यक्तीव्यक्तीत फरक करू नये म्हणणाऱ्या मिलने इथे आपलाच नियम मोडला. त्याला आम्ही त्याच्याच कसोटीवर नापास करतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिल वाचला आणि त्याला त्याच्याही पुढे नेले. 1936 साली जातिनिर्मूलनावरील भाषणात त्यांनी काँग्रेसवाल्यांना अडवले. एका देशाने दुसऱ्यावर राज्य करू नये हे मिलचे तत्त्व तुम्ही घोकता, तर एका वर्गाने दुसऱ्या वर्गावर राज्य करू नये हेही मान्य करा, असा तो पेच होता. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील लेखनात त्यांनी धर्माला दोन कसोट्या लावल्या, न्याय आणि उपयुक्तता. नुसती उपयुक्तता त्यांनी घेतली नाही. न्याय बाजूला ठेवला तर जो वर्ग हिशेब मांडतो, त्याचेच सुख समाजाचे सुख म्हणून खपवले जाते, हे जातिव्यवस्थेने आपल्याला शिकवलेच आहे.

हे सारे जुने झाले, असे कुणी म्हणेल. मग शहराच्या गटाराकडे पाहा. शहर स्वच्छ राहते, लाखोंचे आरोग्य टिकते, परिणाम उत्तमच. त्यासाठी एक माणूस मैल्याच्या टाकीत उतरतो आणि विषारी वायूने गुदमरून मरतो. 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई हवीच. पण मरणाचा भाव वाढवण्याची पाळी न्यायालयावर का आली? कारण लाखोंच्या सुखाच्या बेरजेत त्या एकाची वजाबाकी कुणी मांडलीच नाही, आणि तो एक कोणत्या जातीचा असतो हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून जनहिताच्या, विकासाच्या, राष्ट्रहिताच्या नावाने कुणी एखाद्या निर्णयाचा परिणाम सांगू लागला, की आपण दोन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. या हिशेबात कोणाला धरले आहे? आणि हिशेब मांडायला आमच्यापैकी कोण बसले होते? जमैकाच्या वेळी मिलने पहिला प्रश्न विचारला. दुसरा प्रश्न तो हिंदुस्थानबद्दल विचारायला चुकला. तो विचारण्याचे काम बाबासाहेबांनी आपल्यावर सोपवले आहे. ग्रामसभेत, पालिकेत, युनियनमध्ये, जिथे निर्णय होतात तिथे जाऊन बसा आणि हिशेबाची वही मागा.