एडगर कॉड: माहितीला तक्त्यांत बसवणारे गणितज्ञ

एडगर कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील पोर्टलँड बेटावर झाला. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले कॉड दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. १९४८ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि आयबीएम कंपनीत प्रोग्रामर झाले.

त्या काळी संगणकातील माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठवली जाई. हवी ती नोंद कोणत्या फांदीवर आहे, हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे. रचना बदलली की जुने प्रोग्राम बिघडत.

१९७० मध्ये कॉड यांनी एका शोधनिबंधात वेगळा मार्ग सुचवला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. उदाहरणार्थ, बँकेच्या ग्राहकांचे पत्ते एका तक्त्यात, खाती दुसऱ्यात आणि दोन्हींना जोडणारा ग्राहक क्रमांक. पत्ता बदलला तर एकाच जागी दुरुस्ती पुरते. काय हवे तेवढेच विचारायचे. ते कसे शोधायचे हे संगणक ठरवेल.

मात्र जुन्या पद्धतीच्या आयएमएस प्रणालीवर आयबीएमची चांगली कमाई होत होती. त्यामुळे कंपनीने घाई केली नाही. तिच्याच संशोधकांनी पुढे एसक्यूएल ही भाषा घडवली, पण ती आपल्या सिद्धांताला पुरती धरून नाही, ही कॉड यांची तक्रार कायम राहिली. १९७९ मध्ये, आज ओरॅकल नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने असा डेटाबेस आयबीएमच्या आधी बाजारात आणला.

१९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. आज डेटाबेस शिकणारा प्रत्येक विद्यार्थी पहिला तक्ता आखतो, तो त्यांच्याच कल्पनेवर.