जनरल जॉर्ज मार्शल : कॉलेज मिळालं, नेमणूक मात्र मागून आणावी लागली

सैन्यात अधिकारी व्हायचं तर कॉलेज कोणतं घ्यावं, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडतो. एनडीए हुकली की सगळं संपलं, असंही काहींना वाटतं. अशा वेळी मला अमेरिकेचे जनरल जॉर्ज मार्शल आठवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला उभं करणारी मार्शल योजना तुम्ही इतिहासात वाचली असेल, तेच हे.

त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १८८० रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील युनियनटाउन या गावी झाला. वडिलांचा कोळशाचा आणि कोकचा धंदा होता. जॉर्ज अभ्यासात यथातथाच. त्या काळी अधिकारी होण्याचा राजमार्ग म्हणजे वेस्ट पॉइंटची सरकारी अकादमी. पण तिथे प्रवेशासाठी लोकप्रतिनिधीची शिफारस लागे. वडील डेमोक्रॅट पक्षाचे आणि त्या भागात जोर रिपब्लिकन पक्षाचा. म्हणजे तो दरवाजा बंदच होता म्हणा ना!

राहिली लेक्सिंग्टन गावची व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट. शिस्त कडक, कवायत रोजची. पण तिथून बाहेर पडल्यावर सैन्यात नेमणूक मिळेलच, याची हमी नव्हती. थोरला भाऊ स्टुअर्ट तिथेच शिकलेला. जॉर्ज तिथे जायचं म्हणतोय हे कळताच त्याने आईला विनवलं, की याला पाठवू नकोस, हा घराण्याचं नाव घालवेल. नेमकं हे जॉर्जच्या कानावर पडलं. झालं! भावाच्या पुढे जाऊन दाखवायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

१८९७ साली टायफॉइडमधून उठून तो काहीसा उशिराच तिथे पोहोचला. नव्या मुलांना छळायची तिथे रीतच होती. त्याला उघड्या संगिनीवर उकिडवं बसवलं. अशक्त पोरगा तो, घसरला आणि जखमी झाला. पण कोणाचं नाव सांगितलं नाही. (तुम्ही मात्र असं काही झालं तर लगेच शिक्षकांना सांगायचं!) शेवटच्या वर्षी तो कॅडेटांमधल्या सर्वोच्च पदावर, फर्स्ट कॅप्टन म्हणून निवडला गेला.

आता पुढे काय? १९०१ मध्ये अमेरिकेचं सैन्य वाढवलं जात होतं. अधिकारी हवे होते, पण परीक्षेला बसायची परवानगी मिळवावी लागे. वीस वर्षांचा हा मुलगा वॉशिंग्टनला गेला आणि भेटीची वेळ न घेताच थेट व्हाइट हाउसमध्ये शिरला. दारावरच्या माणसाने सांगितलं, भेट होणार नाही. जॉर्ज तिथेच बसून राहिला. एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी आत निघाले, तसा हाही त्यांच्या मागोमाग गेला. ते दोघे बाहेर पडले तरी हा उभाच. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी काम विचारलं, आणि त्याने ते सरळ सांगितलं. परवानगी मिळाली. सप्टेंबरमध्ये परीक्षा झाली. पण वयाची एकवीस वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून मधले काही महिने डॅनव्हिलच्या एका लष्करी शाळेत शिकवलं. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला. त्याच महिन्यात लग्न, आणि मग फिलिपिन्सला रवानगी.

बढती फार सावकाश मिळाली. कॅप्टन व्हायला १९१६ साल उजाडलं. १ सप्टेंबर १९३९ रोजी मार्शल अमेरिकेचे सेनाप्रमुख झाले. त्याच दिवशी हिटलरने पोलंडवर हल्ला केला. १९५३ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं आणि १९५९ मध्ये त्यांचं निधन झालं. लेक्सिंग्टनच्या त्या कॉलेजच्या आवारात आज त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे.