शेतकऱ्यांचा न्यायमंत्री
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या सरांनी सहकारी चळवळीवर निबंध लिहून आणायला सांगितला. सहकार म्हटला की डेन्मार्कचे नाव हटकून येते. म्हणून ग्रंथालयात बसून मी त्या देशाविषयी मिळेल ते वाचू लागलो. शोधायला गेलो होतो दुधाच्या डेअऱ्या आणि हाती लागला एक चोर. तोही साधासुधा नव्हे, सात वर्षे देशाचा न्यायमंत्री असलेला! निबंध कसाबसा पुरा करून दिला, पण तो माणूस काही डोक्यातून जाईना. का जाईना, ते पुढे सांगेनच.

त्याचे नाव पीटर आडलर आल्बर्टी. जन्म १० जून १८५१, कोपनहेगन. वडील कार्ल क्रिस्टियन आल्बर्टी हे वकील आणि राजकारणी. राजधानी ज्या झीलंड बेटावर आहे, त्या बेटावरच्या शेतकऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक बचत बँक निघाली. तिच्या स्थापनेत आणि कारभारात या वडिलांचा मोठा हात होता. शेतकऱ्याने धान्य विकावे, लोणी विकावे आणि उरलेला पैसा त्या बँकेत ठेवावा, अशी रीत पडली. आल्बर्टी हे नाव झीलंडच्या घराघरात पोहोचले ते असे. नाव म्हणजे जणू तारणच.

त्या काळचा डेन्मार्क समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. १८७० नंतर अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि तिथल्या शेतकऱ्याच्या धान्याचा भाव पडला. तो रडत बसला नाही. त्याने गाई वाढवल्या. १८८२ साली हेडिंग नावाच्या खेड्यात पहिली सहकारी डेअरी निघाली आणि बघता बघता गावोगाव डेअऱ्या झाल्या. ज्याच्या चाळीस गाई त्यालाही एक मत आणि ज्याच्या दोन गाई त्यालाही एकच मत. लोणी इंग्लंडला जाऊ लागले. हा शेतकरी अडाणीही नव्हता. १८१४ सालीच तिथे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला होता आणि १८४४ पासून शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी लोकशाळा निघाल्या होत्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. मला तीच फार लागली.

अशा शेतकऱ्यांत आल्बर्टी वाढला नव्हता, पण त्यांच्या जिवावर वाढला. तो कायदा शिकला आणि वकील झाला. १८९० साली वडील वारले आणि बचत बँकेचा कारभार मुलाच्या हाती आला. लोणी परदेशी पाठवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाचाही तो प्रमुख झाला. १८९२ मध्ये क्योगे मतदारसंघातून संसदेत निवडून गेला. हुशार, कष्टाळू आणि भाषणात कोणाला हार न जाणारा, अशी त्याची ख्याती होती.

तोवर डेन्मार्कमध्ये एक विचित्र कारभार चालला होता. कनिष्ठ सभागृहात बहुमत शेतकऱ्यांच्या बाजूच्या पक्षाचे, पण राजा मंत्री नेमायचा तो जमीनदारांच्या आणि बड्या लोकांच्या गोटातले. वर्षानुवर्षे हा झगडा चालला. अखेर २४ जुलै १९०१ रोजी राजा नववा क्रिस्टियन नमला आणि बहुमतवाल्यांचे मंत्रिमंडळ आले. शेतकऱ्यांनी जन्मभर वाट पाहिलेला हा दिवस. त्या पहिल्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाला आल्बर्टी.

मंत्री म्हणून त्याने केलेले काम सगळेच वाईट होते, असे म्हणता येणार नाही. १९०५ साली त्याच्या कारकिर्दीत गुन्हेगारीकडे वळलेल्या आणि हेळसांड झालेल्या मुलांसाठी कायदा झाला. मुलांना तुरुंगात डांबण्यापेक्षा त्यांना सांभाळावे, हा त्यामागचा विचार होता. पण त्याच वर्षी त्याने आणखी एक कायदा आणला. मारहाण, हिंसा करणाऱ्या गुन्हेगाराला फटके मारण्याचा. गुन्हेगाराला दया कसली, हा त्याचा रोख होता. विरोध पुष्कळ झाला, पण कायदा झाला.

आणि हे सगळे करणारा हा माणूस तेव्हा स्वतः काय होता? मंत्रिपद मिळण्याच्या कितीतरी आधीपासून तो शेतकऱ्यांच्या बँकेतला आणि लोणी संघातला पैसा खात होता. सोन्याच्या खाणींच्या शेअरांवर त्याने सट्टा खेळला. त्यात बुडाला. बुडालेले भरून काढायला आणखी पैसा काढला, आणखी बुडाला. भोक दिसू नये म्हणून खोटे दस्तऐवज केले. म्हणजे न्यायमंत्र्याच्या खुर्चीवर बसला त्या दिवशीच तो गुन्हेगार होता. फक्त त्याच्यावर खटला व्हायचा बाकी होता.

कोणालाच संशय आला नाही असे नाही. विरोधी पक्षाचे लोक आणि त्यांची वर्तमानपत्रे त्याच्या व्यवहारांवर बोट ठेवत होती. पण सरकार पक्षाने त्याची पाठराखण केली. इतक्या वर्षांच्या झगड्यानंतर आलेले आपले सरकार, त्यातला आपला माणूस. त्याच्यावर बोलणारा तो आपला वैरी, अशी सरळ वाटणी झाली होती. १९०८ साली तर पंतप्रधान जे. सी. क्रिस्टेन्सन यांनी त्याच्या बँकेला सरकारी तिजोरीतून १५ लाख क्रोनर कर्जाऊ दिले. पुढे ओरड फार वाढली आणि जुलै १९०८ मध्ये त्याने राजीनामा दिला. जाताना मानाचा किताबही मिळाला.

८ सप्टेंबर १९०८ रोजी आल्बर्टी आपल्या पायांनी कोपनहेगनच्या पोलिसांकडे गेला आणि त्याने गुन्हा कबूल केला. दीड महिन्यापूर्वीपर्यंत हेच पोलीस त्याच्या खात्याखाली होते. अपहाराचा आकडा निघाला सुमारे दीड कोटी क्रोनर.

त्या दिवसानंतर त्या देशात काय झाले असेल, याची कल्पना मी करू शकतो. वर्तमानपत्रांना दुसरा विषय उरला नाही. व्यंगचित्रकारांनी त्याची जाडजूड आकृती नाना तऱ्हांनी रंगवली. फटक्यांचा कायदा करणाऱ्याला आता स्वतःला फटके बसणार का, हा प्रश्न सुचायला कोणाला फार डोके लागले नसेल. महिनाभरातच, ऑक्टोबरमध्ये, क्रिस्टेन्सन यांचे मंत्रिमंडळ गडगडले. डिसेंबर १९१० मध्ये आल्बर्टीला ८ वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. होर्सेन्सच्या तुरुंगात तो होता. १९१७ साली माफी मिळून सुटला. पुढची पंधरा वर्षे तो कोपनहेगनमध्ये कोणाच्या अध्यात ना मध्यात असा राहिला आणि जून १९३२ मध्ये ट्रामखाली सापडून मेला.

इथे चरित्र संपायला हवे. पण मला आता माझे सांगायचे आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आबांना सही येते, वाचता येत नाही. आमच्या दोन म्हशी. दुधाच्या बिलातून दर पंधरवड्याला थोडे थोडे पैसे गावातल्या एका पतसंस्थेत जायचे. चेअरमन आमच्या भावकीतलेच. आठवीपासून पासबुक वाचून दाखवण्याचे काम माझे. रात्री जेवणे झाली की आबा पासबुक पुढे करायचे आणि मी आकडा मोठ्याने वाचायचो. आबा एकदा मान हलवायचे आणि पासबुक परत आईच्या ट्रंकेत जायचे. आक्काच्या लग्नासाठी १ लाख ४० हजार साठले, ते मुदत ठेवीत टाकावे असे ठरले. तो फॉर्म माझ्याच अक्षरात भरलेला आहे.

त्या वर्षीच्या सभेला मी आबांबरोबर गेलो होतो. गावातले एक निवृत्त गुरुजी उठले आणि मोठी कर्जे कोणाला दिली त्यांची यादी वाचा म्हणाले. मंडपात हशा पिकला. गुरुजींना मागच्या निवडणुकीत पडल्याचे दुःख आहे, असे कोणीतरी मागून ओरडले. मीही हसलो. मला ते हसणे अजून आठवते, कारण हसताना मी आबांकडे बघितले होते आणि मी हसतोय म्हणून तेही हसले होते.

मी अकरावीत असताना संस्थेला कुलूप लागले. पासबुकातले आकडे बरोबर होते. बेरीज चुकलेली नव्हती. फक्त त्या आकड्यांच्या पाठीमागे पैसे नव्हते. बायका दोन दिवस दारात बसून होत्या. काहींनी दगड मारले. काही म्हणाले, नशिबातच नव्हते. जे सभेत सर्वांत मोठ्याने हसले होते, तेच आता सर्वांत मोठ्याने शिव्या देत होते. पुढे प्रशासक आले. पैसे आलेले नाहीत. आक्काचे लग्न दीड एकर गहाण ठेवून झाले. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पासबुक पुन्हा कधी पुढे केले नाही.

आबांची एक समजूत होती. अडाणी माणसाला लोक फसवतात, पोरगा शिकला की कोणी फसवणार नाही. त्याच भरवशावर त्यांनी मला शाळेत घातले आणि त्याच भरवशावर मी त्यांना पासबुक वाचून दाखवले. म्हणून डेन्मार्कच्या शेतकऱ्याची गोष्ट वाचताना मी त्या पानापाशी अडलो. तो तर तीन पिढ्यांचा शिकलेला! लिहिता-वाचता येणारा, डेअरी चालवणारा, राजाला नमवणारा. तरीही फसला. त्याला वाचता येत नव्हते म्हणून नाही. आपल्या माणसाला हिशेब विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असे त्याला वाटले म्हणून.

परंतु त्या लोकांनी पुढे जे केले, ते मला महत्त्वाचे वाटते. चोराला शिक्षा झाली, एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्यांनी विचारायला हवे होते आणि विचारले नाही, त्यांनाही त्यांनी उभे केले. १९१० साली माजी पंतप्रधान क्रिस्टेन्सन आणि माजी गृहमंत्री सिगुर्ड बेर्ग यांच्यावर देशाच्या सर्वोच्च विशेष न्यायालयात, मंत्र्यांसाठीच असलेल्या न्यायासनापुढे, खटला चालला. दोघांनीही एक पैसा खाल्लेला नव्हता. क्रिस्टेन्सन निर्दोष सुटले. बेर्ग यांच्या खात्याकडे बचत बँकांवरची देखरेख होती. त्यांना १००० क्रोनर दंड झाला. दीड कोटींपुढे एक हजार! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. मग वाटले, हा दंड पैशांचा नाहीच. लक्ष न देणे हाही दोष आहे, असे एका देशाने लिहून ठेवले, त्याची ही पावती आहे.

आपल्याकडे कोणी मोठा माणूस उघडा पडला की आपण दोनच गोष्टी करतो. आधी विश्वास ठेवत नाही आणि नंतर म्हणतो, मला आधीच माहीत होते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते, आपण स्वतः मंडपात बसून काय केले ती. ती कोणी सांगत नाही. मी हसलो होतो. वर्गमित्रांपुढे आणि प्राध्यापकांपुढे हे लिहिताना लाज वाटते, पण आल्बर्टीची गोष्ट सांगून ही लपवली असती तर मीही पासबुकच वाचून दाखवले असते.

या वर्षी आमच्या दूध संस्थेची वार्षिक सभा झाली. सभासद आबा आहेत, मी नाही. म्हणून विचारायचे त्यांनीच, असे आम्ही ठरवले. लिहून देऊन उपयोग नव्हता. आदल्या रात्री गोठ्यात धारा काढताना मी दोन वाक्ये सांगितली आणि त्यांनी ती पाठ केली. सभेत आबा उठले. टोपी नीट केली. एक वाक्य विसरले, दुसरे म्हणाले. हिशेबतपासनिसाचा अहवाल सगळा वाचून दाखवावा. मागे थोडी कुजबुज झाली. सेक्रेटरींनी चष्मा लावला आणि वाचला. वीस मिनिटे लागली. त्यात काही खोट निघाली नाही.

घरी येताना आबा बराच वेळ गप्प होते. मला वाटले, उगाच विचारले असे त्यांना वाटत असेल. ओढ्यापाशी आल्यावर त्यांनी विचारले की ते राहिलेले पहिले वाक्य काय होते. मी सांगितले. पुढच्या वर्षासाठी ते त्यांनी दोनदा घोकले.