अर्जामागचे भाऊ दाजी

निवेदने देण्याचे दिवस सध्या गोमंतकात बाराही महिने चालू असतात. कुठे नदीतील रेतीचा उपसा, कुठे डोंगराची कापणी, कुठे मुंडकारांच्या घरांचा प्रश्न, तर कुठे नळाचे कोरडे पाणी. शिष्टमंडळ जमते, मंत्रिमहोदयांच्या दालनात जाते, कागद हाती दिला जातो, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी सर्वजण आपापल्या कामाला लागतात. त्या कागदात काय लिहिले होते, हे पुष्कळदा देणाऱ्यांनाही सांगता येत नाही, मग घेणाऱ्यांचे तर बोलायलाच नको. अशा वेळी आम्हांस आमच्याच मातीतील एका पुरुषाची आठवण होते. राज्यकर्त्यांपुढे गाऱ्हाणे मांडणे हे एक शास्त्र आहे आणि त्यासाठी अभ्यास लागतो, हे ज्यांनी प्रथम दाखवून दिले, त्या मोजक्या माणसांत डॉ. भाऊ दाजी लाड यांची गणना करावी लागेल.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म पेडणे महालातील मांद्रे येथे १८२२ साली झाला. पेडणे तेव्हा पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत मोडत असे आणि तेथील हिंदू मुलाला पुढे जाण्यास फारसा वाव नव्हता. बुद्धिबळातील या पोराची चमक एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आली. मुलाला इंग्रजी शिकवा, असा सल्ला त्याने वडिलांना दिला आणि भाऊ मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले. पुढे त्याच संस्थेत ते शिक्षकही झाले. आमच्या किती घरांतील कर्तृत्व अशाच रीतीने गाठोडे बांधून मुंबईला गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

काठेवाड व कच्छ या प्रांतांत जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याची जी दुष्ट चाल होती, तिच्यावर भाऊंनी निबंध लिहिला व पारितोषिक मिळविले. विषय पाहा आणि लिहिणाऱ्याचे वयही पाहा. पंचविशीही न गाठलेल्या तरुणाने केवळ धिक्कार करून न थांबता त्या चालीची कारणे शोधण्याची वाट धरली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा शिक्षकाची नोकरी सोडून ते तेथे विद्यार्थी झाले आणि १८५१ मध्ये त्या महाविद्यालयाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत बाहेर पडले. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला. महारोगावर देशी वनस्पतींचा गुण येतो की काय, याची ते वर्षानुवर्षे परीक्षा करीत राहिले. रोगी समोर आला म्हणजे आधी लक्षणे नीट तपासायची, मग निदान आणि मग औषध, ही वैद्याची सवय त्यांच्या सार्वजनिक कार्यातही उतरली, असे आम्हांस वाटते.

ती संधी १८५२ मध्ये आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची १८३३ साली दिलेली वीस वर्षांची मुदत संपत आली होती. हिंदुस्थानचा कारभार पुढे कोणत्या अटींवर चालावा, हे ब्रिटिश पार्लमेंट ठरविणार होते आणि ज्यांच्या माथी हा कारभार बसायचा, त्यांना विचारण्याची कोणास गरज वाटत नव्हती. कलकत्त्यात आदल्या वर्षी संस्था निघाली होती, मद्रास व पुणे येथेही हालचाल चालू होती. मुंबईत २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. नामदार जगन्नाथ शंकरशेट अध्यक्ष झाले, सर जमशेटजी जिजीभाई सन्माननीय अध्यक्ष झाले आणि चिटणीसपदाचे ओझे डॉ. भाऊंनी पत्करले. हिंदू, पारशी, मुसलमान अशा सर्व समाजांतील प्रतिष्ठित मंडळी एका राजकीय कामासाठी एकत्र बसली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. नौरोजी फर्दुनजी आणि तरुण दादाभाई नौरोजी हेही या उद्योगात होते.

लगोलग पार्लमेंटला पाठवावयाच्या अर्जाचे काम सुरू झाले. चिटणीस या नात्याने कागदपत्रे जमविणे, मजकूर तयार करणे, सभासदांची मते सांभाळणे ही कामे भाऊंच्या वाट्याला आली. हा अर्ज दयेची याचना करणारा नव्हता. लंडनमध्ये एकीकडे संचालक मंडळ व दुसरीकडे नियंत्रण मंडळ अशी दुहेरी व्यवस्था असल्यामुळे जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हे त्यात दाखविले होते. राज्यकारभाराचा भरमसाट खर्च, सरकारी नोकरांनीच भरलेली मंडळे आणि वशिल्याने होणाऱ्या नेमणुका यांवर बोट ठेवले होते. कायदे करण्याच्या कामी एतद्देशीयांस स्थान असावे आणि उच्च शिक्षणासाठी विद्यापीठे निघावीत, अशा मागण्या होत्या. जात, धर्म, जन्म वा वर्ण यांवरून कोणासही सरकारी नोकरीस अपात्र मानू नये, असे १८३३ च्या कायद्यात खुद्द पार्लमेंटनेच लिहून ठेवले होते. परंतु वीस वर्षांत वरच्या नोकरीत एकही हिंदी माणूस शिरलेला नव्हता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच कायद्याच्या कसोटीवर उभे करण्याची ही रीत पुढे साऱ्या देशाने उचलली.

याचे मोलही द्यावे लागले. अर्जातील भाषा काही धनिक मंडळींना फार कडक वाटली, सरकारची मर्जी जाईल या भीतीने कित्येकांनी अंग काढून घेतले. आणि पदरात काय पडले? १८५३ च्या कायद्याने नेमणुकांतील वशिला जाऊन स्पर्धा परीक्षा आली खरी, पण ती लंडनमध्ये. कायदेमंडळ आले, पण त्यात एकही हिंदी सभासद नव्हता. हिशेबी माणूस म्हणेल की सगळा खटाटोप फुकट गेला. आम्ही तसे म्हणणार नाही. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. १८६२ मध्ये जगन्नाथ शंकरशेट मुंबईच्या कायदेमंडळात बसले. आणि ज्या पार्लमेंटला १८५२ साली अर्ज करावा लागला, त्याच पार्लमेंटमध्ये १८९२ साली दादाभाई सभासद म्हणून निवडून गेले. या प्रत्येक गोष्टीचे श्रेय एकट्या अर्जाला देणे चुकीचे ठरेल, परंतु मागणी प्रथम स्पष्ट शब्दांत मांडली गेली, ती या कागदावर.

भाऊंचे पुढील आयुष्य अशाच कामांनी भरलेले आहे. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी कैवार घेतला. १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात प्रतिष्ठितांचा रोष ओढवून घेऊन त्यांनी वैद्य या नात्याने साक्ष दिली. अजिंठ्याचे व गिरनारचे शिलालेख वाचून त्यांनी आपल्या प्राचीन इतिहासावर प्रकाश पाडला. मुंबईचे नगरपालपद त्यांना १८६९ व १८७१ असे दोनदा मिळाले. १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात मात्र ते आर्थिकदृष्ट्या खचले आणि मे १८७४ मध्ये, वयाची बावन्न वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे देहावसान झाले. ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले, त्याला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

या अर्जाचे गोडवे गाताना त्याची उणीव झाकून ठेवणे योग्य नव्हे. तो मुंबईतील शेटजींचा आणि सुशिक्षितांचा अर्ज होता. ज्या रयतेच्या घामावर सारा वसूल होत होता, तिला त्या बैठकीत जागा नव्हती. तिच्यासाठी बोलणारे होते, ती स्वतः मात्र नव्हती. तो दोष काळाचा होता, असे म्हणून भाऊंना सोडता येईल. आज तो सबब म्हणून आम्हांस वापरता येणार नाही. गोमंतक १९६१ साली मुक्त झाला, १९८७ साली राज्य झाला. आता अर्ज सातासमुद्रापार पाठवायचा नाही, पणजीपर्यंत नेला तरी पुरते. मतपेटी हाती आहे आणि बोलण्यास कोणाची बंदी नाही.

असे असूनही आमची निवेदने दुबळी का पडतात? कारण आकडे तपासलेले नसतात, कायद्याचे कलम वाचलेले नसते, ज्याचे शेत वा घर जाणार तो शिष्टमंडळात मागे उभा असतो आणि पुढे उभे असतात ते छायाचित्रासाठी आलेले. मांद्र्याच्या या पुत्राने परक्या सत्तेपुढे, परक्या भाषेत, मताधिकाराचे बळ पाठीशी नसताना, एकेक मुद्दा पुराव्यानिशी मांडण्याचे कष्ट घेतले. स्वतःच्या सरकारपुढे, स्वतःच्या भाषेत तेवढे कष्ट घेण्याचा आपल्याला कंटाळा येत असेल, तर कागद केराच्या टोपलीत गेल्याची तक्रार आपण कोणत्या तोंडाने करावी? पुढचे निवेदन लिहावयास बसणाऱ्यांनी याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.