गंगाखेडची जनी

गंगाखेडला गोदावरीच्या काठी संत जनाबाईंचे मंदिर आहे. लहानपणी आजीचा हात धरून मी तेथे जात असे. जनाबाई थोर संत, एवढेच तेव्हा ठाऊक होते. त्या कोणत्या घरातल्या आणि त्यांच्या वाट्याला कोणते काम आले, हा विचार अर्थशास्त्राच्या तासाला बसू लागल्यावर मनात आला.

परंपरेप्रमाणे दमा आणि करुंड हे जनाबाईंचे आईवडील. घरची अत्यंत गरिबी. दमा पंढरीच्या वारीला गेले आणि चिमुकल्या जनीला त्यांनी दामाशेटींच्या घरी ठेवले, असे सांगतात. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. या घराण्याचे मूळ गाव नरसी मानले जाते. ते १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे. म्हणजे एकाच मुलखातल्या दोन घरांची वाट पंढरपुराकडे गेली.

पण दामाशेटींच्या हाती शिंपीकाम होते. सुई, कातर आणि कापड जवळ असल्यावर पंढरपुरासारख्या यात्रेच्या गावी गिऱ्हाईक मिळते. जनीजवळ मात्र दोन हातांखेरीज काही नव्हते. दळण, कांडण, झाडलोट, धुणे, पाणी आणि शेणी वेचणे हे तिचे बारमाही काम. त्यांना कामाची वाण कधीच पडली नाही, पण आयुष्यभर राबूनही स्वतःचे घर उभे राहिले नाही. दारिद्र्य केवळ आळसाने येते असे मानणाऱ्यांनी हे चरित्र जरूर आठवावे.

विठ्ठल त्यांना दळू लागत असे, ही कथा सर्वश्रुत आहे. गोपाळपुरात त्यांचे जाते आजही दाखवतात. देवाचे पदक हरवले तेव्हा चोरीचा आळ जनाबाईंवर आला, अशीही कथा आहे. संशय आधी राबणाऱ्या बाईवर जातो, हे लोकांनी पाहिलेलेच असणार. सुमारे साडेतीनशे अभंग त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांत त्यांनी आपले दासीपण कोठेही लपवलेले नाही. शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये पंढरपुरास त्यांनी देह ठेवला, असे मानतात.

साडेसहाशेहून अधिक वर्षे लोटली. आजही ज्या घराची चूल केवळ रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला दारिद्र्याचा धोका सर्वांत अधिक. त्यातही कोरडवाहू मुलखातला मजूर अधिक उघडा. १९७२ च्या दुष्काळात शेते ओस पडली, हजारो हात खडी फोडायला गेले. त्या अनुभवातूनच १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

तरीही दिवाळीच्या सुमारास आमच्या तालुक्यातून ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे एक ‘कोयता’ म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची. माझ्याबरोबर शिकणारी एक मुलगी सातवीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला अशीच गेली. पुढे ती वर्गात दिसली नाही.

आता मंदिरात हात जोडताना मला जनाबाईंबरोबर तीही आठवते. जनाबाईंची पुण्यतिथी आपण भक्तिभावाने करतो. त्याबरोबरच आपल्या गावच्या एखाद्या जनीच्या हाती पाटी किंवा कसब देता आले, तर गंगाखेडचे नाव सांगण्याचा आपला अधिकार खरा ठरेल.