गोव्याचा दफ्तरदार दियोगु दु कोउतु आणि संत जोसाफाताची कथा

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामांतील लोक आपल्या पूर्वजांचें स्मरण करितात. कोणीं मंदिर बांधिलें, कोणीं घंटा चढविली, कोणत्या धर्मगुरूंनीं उन्हातान्हांत खेडींपाडीं हिंडून बाप्तिस्मे दिले, हें सर्व कोणीतरी वहींत लिहून ठेविलेलें असतें म्हणूनच तें सांगतां येतें. ती वही लिहिणारा मात्र बहुधा विसरला जातो. ह्यास्तव ह्या स्मरणिकेंत आम्ही अशा एका वही लिहिणाऱ्याचेंच चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. तो धर्मगुरु नव्हता, संतहि नव्हता. तो प्रपंची मनुष्य, आधीं शिपाई, मग कोठारावरील कामगार आणि शेवटीं गोव्याच्या सरकारी दफ्तराचा रखवालदार. त्यानें चारशें वर्षांपूर्वीं एक प्रश्न विचारून ठेविला. त्या प्रश्नाशीं आपणां कळमेश्वरकरांचा निकट संबंध आहे. आपल्या शेजारच्या नागपुरांत, दीक्षाभूमीवर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आणि कोउतूचा प्रश्न भगवान् बुद्ध व आमच्या संतमालिकेंतील एक नांव ह्यांविषयींच आहे.

दियोगु दु कोउतु ह्याचा जन्म सुमारें १५४२ सालीं लिस्बन शहरीं झाला. बाप राजपुत्र लुईस ह्यांच्या पदरीं असल्यामुळें मुलासहि लहानपणींच त्यांचा आश्रय लाभला. येशूसंघाच्या विद्यालयांत तो लॅटिन भाषा व वक्तृत्व शिकला. पुढें बेन्फिका येथील डोमिनिकन मठांत त्यानें तत्त्वज्ञानाचे धडे घेतले. तेथील त्याचे गुरु बार्तोलोमेउ दुश मार्तिरिश पुढें ब्रागाचे आर्चबिशप झाले आणि २०१९ सालीं संतपदास पोहोंचले. राजपुत्र लुईस ह्यांचा मुलगा अंतोनियु हा तेथें कोउतूचा सहाध्यायी होता. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

१५५५ सालीं राजपुत्र वारले, त्यामागून बापहि गेला, आणि निराधार तरुणास हिंदुस्थानची वाट धरावी लागली. १५५९ सालीं तो गलबतावर चढला तेव्हां त्याची विशीहि उलटली नव्हती. सुमारें दहा वर्षें शिपाईगिरी करून तो स्वदेशीं निघाला असतां वाटेंत मोझांबिक येथें त्यास पोर्तुगालचा महाकवि कामोंइश भेटला. कवीची दशा अशी कीं मित्रांनीं घातलें तर अन्न, नाहींतर उपास. कोउतु व त्याचे सोबती ह्यांनीं वर्गणी करून त्यास बरोबर घेतलें. त्या कवीचें एक हस्तलिखित तेथेंच चोरीस गेल्याचें कोउतूनेंच लिहून ठेविलें आहे. आपल्यावरहि तीच पाळी येणार आहे, हें त्यास तेव्हां कोठून कळावें!

१५७१ सालीं तो पुन्हां हिंदुस्थानांत आला तो कायमचा. गोव्यांत त्यानें विवाह केला व सरकारी कोठारावर नोकरी धरिली. पत्नीचा भाऊ ऑगस्टिनियन मठवासी होता. लिस्बन येथें कोउतूचे ग्रंथ छापून घेण्याचें काम पुढें त्यानेंच पाहिलें. १५९५ सालीं राजा फिलिप ह्यांनीं गोव्यांत दफ्तरखाना स्थापून कोउतूस त्याचा पहिला दफ्तरदार नेमिलें, आणि पूर्वीं जुआंव द बारुश ह्यानें आरंभिलेला पूर्वेकडील पोर्तुगीजांचा इतिहास पुढें चालविण्याची आज्ञा केली. हा इतिहास दहा दहा पुस्तकांच्या भागांनीं रचिलेला असून प्रत्येक भागास दशक म्हणतात. बारुश हिंदुस्थानांत कधींच आला नव्हता. कोउतूनें मात्र आपलें बहुतेक आयुष्य येथें घालविलें. त्यामुळें त्याच्या लेखनास येथील मातीचा वास आहे. पोर्तुगीज अंमलदारांची लांचखाऊ वृत्ति व शिपायांची उपासमार त्यानें एका संवादग्रंथांत इतकी उघडी केली कीं तो ग्रंथ त्याच्या हयातींत छापला गेला नाहीं. तो १७९० सालीं प्रसिद्ध झाला.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मध्ययुगांत युरोपांतील मठांतून व घरांतून जी लॅटिन गद्यकथा अत्यंत आवडीनें वाचिली जात असे, तींत बार्लाम व जोसाफात ह्यांची कथा अग्रगण्य होती. हिंदुस्थानांतील अवेन्निर नांवाच्या राजास पुत्र होतो. हा पुत्र ख्रिस्ती होईल असें ज्योतिषी सांगतो, म्हणून राजा त्यास सुंदर महालांत कोंडून ठेवितो आणि दुःख त्याच्या दृष्टीस पडूं देत नाहीं. तथापि राजपुत्र एके दिवशीं बाहेर पडतो व रोगी, आंधळा आणि जराजर्जर म्हातारा पाहून विचारांत पडतो. मग बार्लाम नामक तपस्वी जवाहिऱ्याच्या वेषानें येऊन त्यास खरें रत्न म्हणजे ख्रिस्ताची श्रद्धा देतो. अखेरीस राजपुत्र राज्य सोडून वनांत जातो.

आमच्या वाचकांस ही हकीकत ओळखीची वाटल्यावांचून राहणार नाहीं. त्या ग्रंथांतील एक दृष्टांत तर आणखीच ओळखीचा आहे. श्वापदाच्या भयानें पळणारा मनुष्य विहिरीसारख्या खड्ड्यांत लोंबकळतो; खालीं अजगर आ पसरून बसला आहे; ज्या झाडास त्यानें धरिलें आहे त्याचें मूळ एक पांढरा व एक काळा असे दोन उंदीर कुरतडीत आहेत; आणि तो वेडा मात्र मधाचे थेंब चाटण्यांत गढलेला आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वांत विदुर धृतराष्ट्रास हाच दृष्टांत सांगतो. उंदीर म्हणजे दिवस व रात्र, हा अर्थ आमच्या कीर्तनकारांप्रमाणेंच तेथील प्रवचनकारांसहि प्रिय होता.

ही कथा तिकडे गेली कशी, हें पंडितांनीं आतां पुष्कळसें उलगडलें आहे. बुद्धचरित्राच्या कथा मध्य आशियांतून पश्चिमेस गेल्या व अरबी भाषेंत उतरल्या. तेथून जॉर्जियाच्या ख्रिस्ती लोकांनीं ती कथा घेऊन तीस ख्रिस्ती रूप दिलें. आथोस पर्वतावरील युथिमियुस नामक जॉर्जियन मठवासी, जो १०२८ सालीं वारला, त्यानें ती ग्रीक भाषेंत आणिली, असें आज बहुतेक विद्वान् मानितात. पूर्वीं ती दमिश्कच्या संत योहानाची कृति समजली जाई. १०४८ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथें तिचें पहिलें लॅटिन भाषांतर झालें. बाराव्या शतकांत दुसरें झालें व तेंच सर्वत्र पसरलें. तेराव्या शतकांत बोव्हे येथील विन्सेंट ह्यानें तिचा सारांश आपल्या विश्वेतिहासांत घातला, आणि याकोबुस द व्होराजिने ह्याच्या सुवर्णचरितांत, म्हणजे त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय संतचरित्रसंग्रहांत, तिला स्थान मिळालें. बोधिसत्त्व ह्या नांवाचें अरबी लिपींत बोदासफ झालें. त्या लिपींत ब व य ह्यांत एका नुक्त्याचाच भेद असल्यामुळें पुढें योदासफ झालें, आणि लॅटिनांत जोसाफात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या रोमन संतनामावलींत २७ नोव्हेंबर ह्या दिवशीं बार्लाम व जोसाफात ह्यांचीं नांवें नोंदविलीं गेलीं. एवढेंच नव्हे, तर १५७१ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं कोउतु परत हिंदुस्थानास निघाला त्याच वर्षीं, व्हेनिसच्या अधिपतीनें पोर्तुगालचा राजा सेबास्तियन ह्यास संत जोसाफाताचें म्हणून मानलेलें एक अस्थि नजर केलें. पुढें १५८० सालीं स्पेननें पोर्तुगाल घेतलें तेव्हां राज्याचा एक हक्कदार तें अस्थि घेऊन निघाला, व शेवटीं तें अँटवर्प येथें पोहोंचलें. तो हक्कदार म्हणजे कोउतूचा सहाध्यायी अंतोनियु!

ज्या कथेचें हें सर्व वैभव चाललें होतें, तिच्या जन्मभूमींत बसून कोउतु आपलें दशक लिहीत होता. १६१२ सालीं लिस्बन येथें छापलेल्या पांचव्या दशकांत त्यानें बुद्धाची हकीकत दिली. ती देतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं राजपुत्राचें संगोपन, महालांतील कोंडवाडा, दुःखाचें दर्शन, हें सर्व जोसाफाताच्या चरित्रांत तंतोतंत आहे. अशा वेळीं दुसरा एखादा लेखक हें साम्य गिळून पुढें गेला असता. कोउतूनें तसें केलें नाहीं. येथील जुन्या लोकांच्या ग्रंथांत जोसाफाताविषयीं कांहीं माहिती आहे काय, ह्याची त्यानें कसून चौकशी केली, आणि तशी चौकशी केल्याचें लिहूनहि ठेविलें.

तो साष्टी बेटांत गेला असतां कान्हेरीचीं लेणीं पाहावयास गेला. ही साष्टी गोव्यांतील नव्हे, तर मुंबईलगतची, जी त्या काळीं वसईच्या पोर्तुगीज अंमलाखालीं होती. डोंगर पोखरून केलेल्या त्या शेंकडों वर्षांच्या कोरीव दालनांपुढें उभें राहून त्यानें एका अतिवृद्ध गांवकऱ्यास, हें काम कोणीं केलें म्हणून विचारिलें. संत जोसाफाताच्या बापानें मुलास एकांतांत वाढविण्यासाठीं हें करविलें, ह्यांत शंका नाहीं, असें त्या वृद्धानें उत्तर दिलें. तें नोंदवून कोउतूनें पुढें लिहिलें कीं जोसाफात हा हिंदुस्थानांतील मोठ्या राजाचा पुत्र असल्याचें त्याच्या चरित्रांत सांगितलें आहे, तेव्हां ज्याच्या अद्भुत गोष्टी हे लोक सांगतात तो बुद्ध तोच असूं शकेल.

त्या वृद्धाच्या तोंडीं जोसाफाताचें नांव आलें कोठून? फ्रान्सिस्कन धर्मगुरु त्या बेटांत वावरत होते व कान्हेरीच्या एका लेण्यांत त्यांनीं ख्रिस्तमंदिरहि केलें होतें. त्यांच्या प्रवचनांतून तें नांव गांवांत पसरलें असावें असें आम्हांस वाटतें. तसें असेल तर केवढें नवल! बोधिसत्त्वाची कथा ह्या देशांतून निघाली, अरबी, जॉर्जियन, ग्रीक व लॅटिन असे वेष पालटीत जग फिरली, आणि नवें नांव घेऊन पुन्हां बौद्ध लेण्यांच्याच दाराशीं आली. लेण्यांवरील शिलालेख त्या वेळीं कोणास वाचतां येत नव्हते. १८३७ सालीं प्रिन्सेप ह्यांनीं ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यानंतरच, कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांनीं भिक्षूंसाठीं दानें दिल्याचें त्या लेखांतून जगास कळलें. म्हणजे वृद्धाचें उत्तर चुकीचें होतें. परंतु कोउतूचा प्रश्न खरा होता. १८५९ सालीं फ्रान्सांत लाबुले व १८६० सालीं जर्मनींत लीब्रेख्ट ह्यांनीं दोन्ही कथांची तुलना करून जोसाफात म्हणजे बुद्धच असें सिद्ध केलें, त्याच्या जवळजवळ अडीचशें वर्षें आधीं गोव्याच्या दफ्तरदारानें तें बोट ठेविलें होतें.

येथें श्रद्धावंत वाचकाच्या मनांत शंका उठेल कीं, मग आमच्या पूर्वजांची फसगत झाली काय? आमचें उत्तर असें. जोसाफाताचें नांव रीतसर चौकशी होऊन नव्हे, तर कथेच्या कीर्तीनें नामावलींत आलें. श्रद्धेचा पाया प्रभु येशू ख्रिस्त आहे. एखाद्या चरित्राची ऐतिहासिकता ढळल्यानें तो ढळत नाहीं. ज्यांनीं ती कथा वाचून धनाचा लोभ सोडिला, त्यांचा त्याग खोटा ठरत नाहीं. तसेंच दोन्ही धर्मांचा उपदेश एकच, असेंहि ह्यावरून म्हणतां येत नाहीं. लॅटिन कथेंतील राजपुत्र सृष्टिकर्त्याची व ख्रिस्ताची साक्ष देतो, आणि हा भेद झांकणें म्हणजे दोघांचाहि अनादर करणें होय. पण एवढें खरें कीं ज्या महापुरुषाच्या गृहत्यागाची गोष्ट आमचे शेजारी आदरानें सांगतात, तीच गोष्ट ख्रिस्ती जगानें शेंकडों वर्षें डोळ्यांत पाणी आणून वाचिली. शेजाऱ्याशीं बोलावयास ह्याहून चांगला आरंभ कोणता?

कोउतूच्या कष्टांचें फळ त्याच्या हातीं फारसें लागलें नाहीं. एका दशकाचें हस्तलिखित घेऊन जाणारें जहाज शत्रूनें पकडिलें व त्यास तें पुन्हां लिहावें लागलें. सहाव्या दशकाच्या छापील प्रती छापखान्याच्या आगींत बहुतेक जळाल्या. म्हातारपणीं तो आजारी असतां आठवें व नववें दशक घरांतून चोरीस गेलीं. त्यानें तीं स्मरणानें संक्षेपरूपांत पुन्हां उतरविलीं. घारापुरीच्या लेण्यांतून काढून पोर्तुगालास पाठविलेला शिलालेख तेथें कोणासहि वाचतां न आल्यानें नाहींसा झाला, हेंहि त्यानेंच लिहून ठेविलें आहे. नाहींतर त्या दगडाची आठवणहि उरली नसती. त्याच्या काळचे परधर्मीयांविषयींचे पूर्वग्रह त्याच्या लेखनांत आहेत, ते लपविण्याचें कारण नाहीं. परंतु जें पाहिलें व ऐकिलें तें त्यानें दडविलें नाहीं.

१० डिसेंबर १६१६ रोजीं गोव्यांत त्यास देवाज्ञा झाली. १५९५ सालीं स्थापिलेलें तें दफ्तर पणजी येथें आजहि आहे, व अभ्यासक तेथें बसून जुने कागद चाळीत असतात. आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मरणाच्या वह्या हेंहि असेंच दफ्तर आहे. त्या वाळवीपासून व पावसापासून राखाव्या, त्यांत जें घडलें तेंच लिहावें, आणि ज्याचें उत्तर आज आपणांपाशीं नाहीं तो प्रश्नहि पुढील पिढीसाठीं नोंदवून ठेवावा, हाच धडा ह्या दफ्तरदाराच्या चरित्रापासून आम्हीं घ्यावा. सत्य हें देवाचें आहे, म्हणून त्याच्या नोंदीस भिण्याचें ख्रिस्ती मनुष्यास कारण नाहीं.