पाच वर्षांनी बघा! : ब्रँच रिकीचा लांबचा हिशेब

समजा, तुमची लाडकी टीम वर्षानुवर्षं तळाला आहे. स्टेडियममध्ये जावं असं वाटायला लावणारा एकच स्टार उरलाय. आणि मॅनेजमेंट त्यालाच विकून टाकते. वर सांगते, धीर धरा, पाच वर्षांनी बघा! काय कराल? १९५३ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बेसबॉल फॅन्सवर हीच वेळ आली, आणि त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. ज्याच्या नावाने हा शिमगा चालला होता, तो सत्तरी ओलांडलेला, जाड भुवयांचा, तोंडात सिगार धरलेला माणूस म्हणजे ब्रँच रिकी. तुम्ही टीमचे फॅन असाल, तर हा माणूस तुम्हाला माहीत असायलाच हवा.

रिकीचा जन्म १८८१चा, ओहायो राज्यातल्या शेतकरी घरातला. खेळाडू म्हणून तो ग्रेट वगैरे अजिबात नव्हता. तो कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरच्या जागेवरचा. समोरचा रनर पुढच्या बेसकडे पळाला की थ्रो करून त्याला रोखायचं, हे कॅचरचं काम. १९०७च्या एका मॅचमध्ये दुखऱ्या खांद्याने खेळणाऱ्या रिकीसमोर वॉशिंग्टनच्या संघाने १३ बेस चोरले. आधुनिक बेसबॉलमधला हा नकोसा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मग गडी कायद्याकडे वळला, मिशिगन विद्यापीठातून लॉ केलं, मध्येच टीबी झाला, त्यातून उठला. आणि पुन्हा बेसबॉलमध्येच आला, या वेळी टीम चालवायला.

१९१७ मध्ये तो सेंट लुईस कार्डिनल्समध्ये आला. टीम कर्जात. एखाद्या छोट्या शहरातला चांगला पोरगा हेरून रिकीने किंमत विचारली, की तिथला मालक ती खबर श्रीमंत क्लबला द्यायचा आणि पोरगा तिकडे जायचा. म्हणजे नजर याची, माल त्यांचा! लिलावात आपण कधीच जिंकणार नाही, हे रिकीच्या लक्षात आलं. मग त्याने लिलावाच्या वाटेलाच जायचं नाही असं ठरवलं. खालच्या लीगमधल्या छोट्या संघांमध्ये कार्डिनल्सची भागीदारी घ्यायला त्याने सुरुवात केली. कच्ची पोरं स्वस्तात घ्यायची, खालच्या संघात खेळवायची, एकेक पायरी वर चढवायची आणि तयार झाली की मुख्य टीममध्ये आणायची. यालाच पुढे फार्म सिस्टम म्हणायला लागले. आज अमेरिकेतला प्रत्येक मोठा बेसबॉल क्लब याच पद्धतीवर चालतो.

रिझल्ट? १९२६ मध्ये कार्डिनल्सनी पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. मग १९३१, १९३४, १९४२. स्टॅन म्युझियलसारखा दिग्गज याच शाळेतून आला.

रिकीचा दुसरा नियम फॅन्सना जास्त टोचायचा. खेळाडू उतरणीला लागण्याच्या एक वर्ष आधी विकावा, एक वर्ष उशिरा नाही. डिझी डीन हा १९३४ मध्ये ३० मॅचेस जिंकून देणारा पिचर, अख्ख्या शहराचा जीव. त्याचा हात दुखावला आणि १९३८ मध्ये रिकीने त्याला शिकागो कब्जला देऊन १,८५,००० डॉलर आणि तीन खेळाडू घेतले. त्या सीझनमध्ये डीनच्या नावावर फक्त सात विजय लागले. हिशेब बरोबर निघाला.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. हा हिशेब कुणाच्या जिवावर चालला होता, तेही बघू. १९४०च्या सुमारास कार्डिनल्सच्या हाताखाली तीसहून जास्त संघ होते आणि शेकडो पोरं. मोठ्या टीममध्ये जागा किती? पंचवीस. तेव्हाच्या करारानुसार क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाताच यायचं नाही. त्यामुळे दुसऱ्या क्लबमध्ये सहज खेळला असता असा पोरगा इथे तुटपुंज्या पगारावर खाली कुजत राहायचा. १९३८ मध्ये तर बेसबॉलच्या कमिशनरने कार्डिनल्सचे सत्तरच्या आसपास खेळाडू मोकळेच करून टाकले. त्यातच खेळाडू विकून झालेल्या फायद्यात रिकीचा स्वतःचा वाटा असायचा. म्हणजे साहेबांचा धीर तसा फुकटचा नव्हता.

१९४२ मध्ये तो ब्रुकलिन डॉजर्सकडे गेला. युद्धामुळे बाकीचे क्लब हात आखडून बसले होते, तेव्हा हा कोवळी पोरं गोळा करत होता. आणि मग त्याने तो निर्णय घेतला, ज्यासाठी जग त्याला ओळखतं. मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना साठेक वर्षं दार बंद होतं. १९४५ मध्ये रिकीने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं, वर्षभर माँट्रियलच्या संघात खेळवलं आणि १५ एप्रिल १९४७ला ब्रुकलिनच्या मैदानात उतरवलं. यात तत्त्व होतं आणि टीमचा फायदाही होता. रिकीने दोन्ही कधी लपवलं नाही. पण इथेही झळ सोसली ती रॉबिन्सनने. कितीही शिव्या, धमक्या आल्या तरी उलट उत्तर द्यायचं नाही, ही अट त्याने पाळायची होती. आणि रॉबिन्सन ज्या कृष्णवर्णीयांच्या लीगमधून आला, तिथल्या त्याच्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, रिकीने एक पैसा दिला नाही.

१९५० मध्ये मालकीच्या राजकारणात रिकी ब्रुकलिनबाहेर पडला. ब्रुकलिनने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली १९५५ मध्ये, रॉबिन्सन आणि रिकीने गोळा केलेल्या बाकीच्या पोरांच्या जोरावर. तो तेव्हा पिट्सबर्गमध्ये होता, आणि तिथे चित्र भयाण होतं. १९५२ मध्ये १५४ पैकी ११२ मॅचेस हरले! राल्फ कायनर सलग सात वर्षं होमरनमध्ये लीगमध्ये अव्वल किंवा बरोबरीने अव्वल होता. त्यालाच १९५३ मध्ये रिकीने विकलं. १९५५ पर्यंत टीम तळालाच राहिली आणि रिकी पायउतार झाला. पण जाण्याआधी त्याने डॉजर्सच्याच माँट्रियल संघातून ४,००० डॉलरमध्ये एक पोरगा उचलला होता, रोबेर्तो क्लेमेंटे. बिल मॅझरॉस्कीही त्याच्याच काळात आलेला. १९६० मध्ये वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये याच मॅझरॉस्कीने शेवटच्या डावात होमरन ठोकला आणि पिट्सबर्गने बलाढ्य यांकीजला हरवलं. १९६५ मध्ये रिकी गेला, दोन वर्षांनी हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

मग रिकी बरोबर होता? टीम म्हणून बघितलं तर हो. मला तरी वाटतं, पाठीमागे खरंच काही उभं राहत असेल तर फॅनने हरणाऱ्या टीमसोबत थांबावं. फक्त मॅनेजमेंटने धीर धरा म्हटलं की स्टार कुणाला विकला एवढंच बघू नका. खालून कोण येतंय आणि त्याला संधी कधी मिळणार, हेही विचारा. कारण टीमकडे पाच वर्षं असतात, खेळाडूकडे ती असतीलच असं नाही. कायनरची पाठ गेली आणि १९५५ नंतर तो खेळलाच नाही. सात वर्षं होमरनचा राजा असलेल्या या माणसाला वर्ल्ड सिरीजची एकही मॅच खेळायला मिळाली नाही.